शॅकवर फिश करी राईस आला, पण खतखतं कुठं खायचं?

संपादकसाहेब, सप्रेम नमस्कार.

गोव्यात गोव्याचं जेवण मिळेनासं झालंय, जिकडे बघावं तिकडे तंदुरी आणि पनीर, अशी पत्रं तुमच्या पेपरात अधूनमधून येतात, दोनचार दिवस त्यावर बोलणं होतं आणि मग विषय संपतो. मला त्यात जरा वेगळं सांगायचंय म्हणून लिहायला घेतलं. पत्र लांबलंय याची कल्पना आहे, कात्री लावायची तर मधे कुठंही लावा, गोव्याच्या शिजवलेल्या जेवणासाठी मार्केटात गाळे द्या असं जे लिहिलंय तेवढं मात्र ठेवा.

मी अंत्रुज महालातली, म्हणजे फोंड्याकडची. लग्नानंतर नवऱ्याच्या नोकरीपायी आधी सिंगापूर आणि मग मलेशियात पिनांगला बरीच वर्षं काढली, तिथून सुट्टीत थायलंड, व्हिएतनाम, मलाक्का असं फिरणं झालं, आणि आता परत फोंड्याला येऊन राहिलोय. तिकडे असताना एक गोष्ट कायम जाणवायची. तिथल्या माणसाचं रोजचं जेवण चाखायला कुणाच्या घरी ओळख काढून जावं लागत नाही. चप्पल घालून खाली उतरायचं, बाजारात जायचं, आणि जे तिथला रिक्षावाला, शाळामास्तर, बँकेतली बाई खाते तेच आपणही खायचं. इकडे उलटं आहे. पुण्याकोल्हापुरातून नातेवाईक येतात, विचारतात गोव्याचं खरं जेवण कुठं मिळेल, आणि आपण काय सांगतो, तर घरी या.

आता आधी आपल्या लोकांबद्दल थोडं, रागावू नका. आपल्याकडून ज्या टूर सिंगापूर-बँकॉकला जातात त्यांच्या जाहिरातीत मोठ्या अक्षरात असतं की सोबत महाराज, म्हणजे आचारी, आहेत, रोज आपलं घरगुती जेवण. म्हणजे हजारो मैल जाऊन बँकॉकमधे बटाट्याची भाजी आणि गुलाबजाम. म्हाताऱ्या माणसांचं समजू शकते, पथ्यपाणी असतं, पण पंचविशीतली पोरं पण बॅगेतून चिवडा काढून बसतात तेव्हा खरंच कीव येते. आणि वर परत येऊन सांगणार, तिकडे खायचे हालच, नुसता वास येतो. अहो ज्याला गालम्याचा, म्हणजे सुक्या बारीक सुंगटांचा (कोलंबीचा), वास चालतो त्याला तिकडच्या बेलाचानचा चालू नये? तीही बारीक सुंगटंच, मीठ लावून कुजवलेली आणि वाळवलेली!

पिनांगला असाम लक्सा म्हणून एक प्रकार मिळतो, त्याबद्दल सविस्तर सांगते कारण गोव्याच्या माणसाने तो खायलाच हवा. केक लोक सी म्हणून डोंगरावर मोठं देऊळ आहे, त्याच्या खालच्या एअर इताम भागात आम्ही खायचो, जॉर्जटाऊनमधेही भरपूर ठिकाणी मिळतो. मोठ्या टोपात रस्सा उकळत असतो आणि विकणारी बाई वाडग्यात तांदळाच्या जाड पांढऱ्या शेवया घालते, त्यावर एकदा गरम रस्सा ओतून परत टोपात गाळून घेते, परत ओतते, परत गाळते, असं करून शेवया आतपर्यंत गरम झाल्या की मग शेवटचा रस्सा भरते. वर काकडी, अननस आणि कांदा बारीक चिरून, पुदिन्याची पानं, आणि शेवटी चमचाभर काळी घट्ट गोडसर सुंगटांची पेस्ट. हा रस्सा कशाचा, तर मासळी उकडून तिचे काटे काढून कुस्करून केलेला, आणि ती मासळी म्हणजे केम्बुंग, म्हणजे आपला बांगडाच, तिकडच्या बाजारात टोपलीत बघितला तर तुम्हीही बांगडाच म्हणाल. आणि आंबटपणाला चिंचेबरोबर घालतात ती सुकवलेली चकती असते आसाम गेलुगोर नावाच्या फळाची, ते झाड आपल्या भिंडांच्याच, म्हणजे कोकमाच्याच कुळातलं, गार्सिनिया. म्हणजे बांगडा आणि सोलं! आपण त्यात नारळाचा रस आणि तेफळं (तिरफळं) घालून हुमण केलं, त्यांनी नारळ न घालता गवती चहा आणि एका आल्याच्या जातीचं गुलाबी फूल घालून लक्सा केला. पहिल्या घोटाला मी नवऱ्याकडे बघितलं आणि तो म्हणाला, हें आमचेंच मगो.

तेफळांचंही तसंच. आपल्याला वाटतं की तेफळं फक्त कोकणपट्टीत, पण उत्तर थायलंडला चियांग मायच्या बाजारात गेले तर मसाल्याच्या दुकानात तशीच तडकलेली काळी-तपकिरी बोंडं, मांसाच्या लाब नावाच्या पदार्थात कुटून घालतात. चिनी जेवणात जीभ बधिर करणारं जे मिरं असतं तेही याच कुळातलं. मी दुकानदारणीला खुणेने विचारलं की मासळीत घालता का, तर ती मान हलवत हसायला लागली, तिच्या दृष्टीने मीच येडी.

मलाक्का तर गोव्याच्या माणसाने बघायलाच पाहिजे. आल्बुकेर्कने 1510 ला गोवा घेतला आणि पुढच्याच वर्षी 1511 ला मलाक्का, त्यामुळे तिथं आजही पोर्तुगीज वंशाच्या क्रिस्तांव लोकांची वस्ती आहे आणि ते नाताळच्या सुमाराला व्हिनेगर आणि मिरचीची झणझणीत करी करतात, जिला डेव्हिल करी म्हणतात, ती खाताना विंदाल्याची आठवण येते. पण मला तिथलं गोड जास्त भावलं. गुला मेलाका म्हणजे माडाच्या सुरेपासून केलेला काळपट गूळ, आपलं माडाचं गोड. तिकडे तो बाजारात कुठंही मिळतो, बांबूच्या नळीत ओतून केलेल्या दंडगोल वड्या असतात, चेंदोल म्हणून बर्फ घालून नारळाच्या दुधातलं जे गार गोड मिळतं त्यावर ओततात, तांदळाच्या पिठाच्या केळीच्या पानातल्या वड्यांत घालतात, ईदला कढईत तासन्‌तास ढवळून दोदोल करतात, हो, तोच दोदोल जो आपल्याकडे नाताळात येतो. आता फोंड्यात माडाचं गोड शोधायला जा. पातोळ्यांच्या चुनाला, म्हणजे आतल्या सारणाला, घालायला पाहिजे म्हणून मी नागपंचमीच्या आधी विचारत फिरले, एकाने दाखवलं ते साधा गूळ वितळवून त्या आकारात ओतलेलं होतं. चूक दुकानदाराची तरी कशी म्हणू, माडावर चढणारे रेंदेरच कमी झाले, सूर नाही तर गोड कुठून येणार, आणि सूर असेल तर ती फेणीला जाते.

बरं, तुम्ही म्हणाल हे सगळं मासळीवाल्यांचं झालं, सोमवारवाल्यांनी काय करायचं. आमच्याकडे सोमवार-गुरुवार नुस्तं (मासळी) नाही, श्रावण आहे, चतुर्थी आहे, तिकडेही सासूबाईंच्या धाकाने हे सगळं पाळलं. सुरुवातीला नुसता दहीभात आणि लोणचं, पण मग शेजारच्या चिनी आजींनी सांगितलं की त्यांच्यातले बुद्धाला मानणारे बरेच लोक चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी शाकाहारी असतात आणि त्या दिवशी शाकाहारी स्टॉलवर गर्दी असते. पिनांगला तर नऊ सम्राट देवांचा उत्सव असतो, त्यांच्या नवव्या महिन्याचे पहिले नऊ दिवस, म्हणजे बहुतेक वेळा आपलं नवरात्रच, दोन्ही अमावस्येनंतर सुरू होतात. गल्लोगल्ली पिवळे झेंडे लावलेले स्टॉल लागतात, तिथं मांस-मासळी तर नाहीच, कांदा-लसूणही नाही. आमच्याकडे घट बसलेला आणि खाली पिवळा झेंडा लावून चिनी माणूस बिनकांद्याच्या शेवया परततोय! थायलंडमधे फुकेतलाही हाच उत्सव मोठा होतो, तिथं पिवळ्या पाटीवर लाल अक्षर शोधायचं. ती पाटी नसेल तर मात्र भाजी म्हणून सांगितली तरी त्यात फिश सॉस असणार हे धरून चाला, व्हिएतनाममधेही तेच. आणि पिनांगचा चार क्वे तियाव, म्हणजे रुंद शेवया मोठ्या आचेवर कोलंबी, अंडं आणि खुबे घालून परततात तो, जुन्या पद्धतीने डुकराच्या चरबीत करतात, ज्यांना चालत नाही त्यांनी आधी विचारावं, राग येत नाही कुणाला.

जाणाऱ्यांसाठी एवढं सांगते की हॉटेलच्या रिसेप्शनवर काय फेमस आहे असं विचारू नका, ते तुम्हाला बटर चिकनच्या दुकानात पाठवतील. सकाळी लवकर बाजारात जा, जिथं एकच पदार्थ करणारा माणूस आणि त्याच्यासमोर गावच्या लोकांची रांग दिसेल तिथं उभे राहा, पुढच्याने जे घेतलं त्याकडे बोट दाखवा. व्हिएतनाममधे साध्या भाताच्या खानावळी असतात, काचेमागे भाज्या, मासे, अंडी सगळं ट्रेमधे मांडलेलं, बोट दाखवायचं, ती बाई भातावर वाढते, भाषेची गरजच पडत नाही.

आता मुद्द्याचं. हे तिकडे टिकलं ते आपोआप नाही. सिंगापूरला साठच्या दशकापर्यंत सगळे फेरीवाले रस्त्यावरच होते, गटारात उष्टं, पाण्याची बोंब, रोगराई. सरकारने 1968-69 मधे त्यांची नोंदणी केली आणि 1971 ते 1986 या काळात हॉकर सेंटरं बांधून हजारो लोकांना छताखाली आणलं, नळ दिला, वीज दिली, सांडपाण्याची सोय केली. हाकललं नाही, जागा दिली, हा फरक आहे. स्टॉलवर स्वच्छतेची श्रेणी, ए बी सी डी, मोठ्या अक्षरात लावलेली असायची, आम्ही सी दिसला तर जरा विचार करायचो आणि वास चांगला आला तर तरीही खायचो. आज तशी शंभराहून जास्त सेंटरं आहेत, 2016 ला तिथल्या दोन हॉकर स्टॉलना मिशेलिन स्टार मिळाले, 2020 च्या डिसेंबरात युनेस्कोने तिथल्या हॉकर संस्कृतीला वारसा म्हणून मान्यता दिली. सगळं गुडीगुडी नाही, तिथलेही हॉकर म्हातारे होतायत, पोरांना पहाटे उठून हाडं उकळत बसायचं नाहीये, त्यांना एसी ऑफिस हवंय, ते बोलणं आम्ही रोज ऐकायचो. पण निदान जागा आहे, कुणाला करावंसं वाटलं तर.

आपल्याकडे काय आहे? आपल्याकडे भाजी-पाव आहे, आणि तो जिवंत आहे. सकाळी सातला फोंड्याच्या कुठल्याही जुन्या हॉटेलात जा, पातळ भाजी, सुकी भाजी, मिक्स, बरोबर मिरची, बन्स, वर अर्धा चा, टेबलावर कोण बसलाय तर वकील, ड्रायव्हर, मासळीवाली. त्याला ना फेस्टिवल लागला ना टॅग, आपण रोज खातो म्हणून तो आहे. संध्याकाळी रोस ऑम्लेटच्या गाड्यावर तेच. दुपारच्या राईस प्लेटमधे हुमण, तळलेली मासळी, सोलकढी, तिसऱ्यांचं सुकं हेही मिळतं, त्याबद्दल तक्रार नाही.

पण खतखतं? चतुर्थीला, तुळशीच्या लग्नाला, देवळाच्या संतर्पणाला जे प्रत्येक घरात होतं, सुरण, नीरफणस, कणगी, शेंग, मुळा, तूरडाळ, तेफळं, ते वर्षभरात एकदाही हॉटेलच्या कार्डावर दिसत नाही. मुगागाठी, आंबाड्याची उड्डामेथी, फणसाच्या आठळ्या घालून तायकिळ्याची भाजी, किसमूर आणि पेज, मणगणं, नारळाच्या गोड रसातल्या शेवया. हे सगळं आपण घरात कोंडून ठेवलंय, आणि आमच्यासारख्यांचं जेवण बाहेर विकायचं नसतं असा एक जुना सोवळेपणाही त्यात आहे, हे कबूल करायला हरकत नाही. त्यात आपली पोरंही बाहेर गेली की मंचुरियन मागवतात. आजी गेली की उड्डामेथी गेली.

सरकारने 2023 च्या शॅक धोरणात, म्हणजे किनाऱ्यावरच्या तात्पुरत्या हॉटेलांच्या धोरणात, फिश करी राईस ठेवणं सक्तीचं केलं, चांगलं केलं. बेबिंक, खाजें, मानकुराद, आगशीची वांगी, सातशिरांचे भेंडे यांना जीआय (भौगोलिक ओळखीचे) टॅग मिळाले, तेही चांगलं. पण टॅग मिळाला म्हणून भेंडा ताटात येत नाही ना. पर्यटन खात्याचे खाद्यमहोत्सव होतात तिथं मी गेलेय, तीन दिवसांचं स्टेज, लाऊडस्पीकर, शोरमा आणि मोमोजची रांग, आणि एका कोपऱ्यात बचतगटाच्या बायका सान्नां घेऊन बसलेल्या, त्यांना धड पाण्याचा नळ नाही. चौथ्या दिवशी सगळं उचललं की परत काही नाही. आणि छापील मेनू कार्ड हे गोव्याच्या जेवणाला मुळात बसतच नाही, कारण आपलं जेवण महिन्यावर चालतं. जूनला तायकिळो, पावसात मासेमारी बंद असते तेव्हा पुरुमेताचं (पावसासाठी साठवलेलं) खारं आणि सुकी सुंगटं, भाद्रपदात काकडी आणि भेंडे, उन्हाळ्यात आंब्याचं सांसव आणि फणसाची भाजी. त्याला खडूने लिहायचा फळा पाहिजे, आज काय आहे एवढंच.

इथं एक अपवाद करते. अळमी, म्हणजे रानातली मशरूम. पावसात हायवेच्या कडेला पानात बांधून जी रानातली अळमी विकतात, ती हॉटेलात आणा असं मी म्हणणार नाही. मागणी वाढली म्हणून लोक उमलायच्या आधीच कळ्या उपटतात, रोयणी (वारुळं) खणून टाकतात, मग पुढच्या वर्षी काय येणार. ती ज्याच्या रानात आहे त्याच्या घरी शिजू दे. सगळंच विकायला काढलं पाहिजे असं नाही.

बाकीच्यासाठी मात्र जागा द्या, माझं मागणं तेवढंच आहे. पालिका नवी मार्केट बांधतात, जुन्यांची दुरुस्ती करतात, त्यात कपड्याचे गाळे, मोबाईलचे गाळे, मासळीचा ओटा, सगळं असतं, शिजवलेल्या अन्नासाठी एक रांग का नको? दहा-बारा लहान गाळे, प्रत्येकाला नळ, मोरी, गॅसची सोय, मधे सामाईक टेबलं, भांडी धुवायची एक जागा. कुणी पेज आणि किसमूर करावी, कुणी भाजी-पाव, कुणी हुमण, कुणी सोमवारचं शिवराक (शाकाहारी). एका बाईने एकच पदार्थ केला तरी चालेल, उलट चांगलाच होतो, रोज तेच केल्यावर हात बसतो. आपल्याकडे हे होत नाही म्हणायला जागा नाही, अहमदाबादच्या कांकरिया तलावावरच्या खाऊच्या गाड्यांना 2018 साली देशातलं पहिलं स्वच्छ स्ट्रीट फूड हब म्हणून एफएसएसएआयने (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने) दर्जा दिला, फेरीवाल्यांचा 2014 चा कायदाही आहे, शहरात विक्री समिती नेमायची असं त्यातच लिहिलंय.

करणार कोण, हा प्रश्न मला प्रत्येकजण विचारतो. अहो चतुर्थीला नेवऱ्या आणि चकल्यांच्या ऑर्डरी घेणाऱ्या बायका प्रत्येक वाड्यावर आहेत, फक्त त्यांचा धंदा वर्षातून दोन महिने चालतो आणि बाकीचे दहा महिने बंद. माझ्या ओळखीची एक बाय आहे, तिने खतखत्याचं पातेलं घेऊन ऑफिसांच्या बाहेर विकून बघितलं, दुपारी एकच्या आत संपायचं. मग गाडी लावायला जागा नाही म्हणून एका पालिकेच्या माणसांनी उठवलं, तिने परत मांडलं नाही.

आणि भाडं लिलावाने ठरवू नका, हात जोडून सांगते. लिलाव झाला की तो गाळा जास्त बोली लावणाऱ्याकडे जातो, तो स्वतः कधी तिथं येत नाही, दुसऱ्याला पोटभाड्याने देतो आणि तो दुसरा मग तिथं चायनीज टाकतो, हे काय आपण बघितलं नाही असं थोडंच आहे. सिंगापूरला हॉकर स्टॉल पोटभाड्याने देता येत नाही, ज्याच्या नावावर आहे त्यानेच उभं राहायचं. तसं करा, भाडं ठरावीक ठेवा, तीन वर्षांचा करार करा, आणि गाळा देण्याआधी त्या बाईच्या हातचं एकदा जेवून बघा, फाईलवर सही करणाऱ्यांनीच.

आपली,
एक वाचक
फोंडा, गोवा